वारा बाजू घेतो

कागदावर गोल खळगा काढायला दोन आकडे पुरतात, व्यास आणि खोली. ड्रॉइंगवर एक वर्तुळ, त्याच्या पोटात मध्यरेषांची फुली, बाजूला बाण काढून लिहिलेले मिलिमीटर, की झाले. कारखान्यातला माणूस तो सपाट पत्र्यात बघता बघता कोरून देतो. त्या खळग्यावरून वारा सोडला तर काय होईल, हे कॉम्प्युटरवर आकड्यांनी काढायचे, हा माझा पोटापाण्याचा धंदा. घरी कोणी विचारले तर मी 'हवेचे हिशेब' एवढेच सांगतो. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो मला पाठ झाला आहे: हवेचा कसला आलाय हिशेब, आणि तोही एका भोकाचा!

पण ते भोक भारी खोडकर असते.

सपाट पृष्ठभागावरून वारा वाहतो तेव्हा त्याचा अगदी खालचा पदर पृष्ठभागाला चिकटून उभा असतो. उभा म्हणजे खरोखरच उभा, धातूला टेकलेल्या हवेचा वेग शून्य. त्यावरचा पदर जरासा सरकतो, त्यावरचा आणखी जरासा, आणि काही मिलिमीटर वर गेले की वारा आपल्या पुऱ्या वेगाला येतो. पुस्तकात याला सीमास्तर म्हणतात, आम्ही दिवसभर बाउंडरी लेयर म्हणतो. हा थर सरकत सरकत खळग्याच्या काठाशी येतो आणि त्याच्या पोटाखालची जमीन एकदम संपते. तो लगेच खाली वळत नाही. सवयीने तसाच पुढे जातो. आता वर धावती हवा, खाली खळग्यात जवळजवळ निजलेली हवा आणि दोन्हींच्या मध्ये हा ताणलेला पातळ पदर. असा पदर फार काळ सरळ राहू शकत नाही. त्याला वळ्या पडतात, वळ्यांचे भोवरे होतात आणि भोवरे एकामागून एक पलीकडच्या काठाकडे निघतात. तिथे आपटल्यावर थोडी हवा खळग्यात खाली शिरते, तळाशी पोचते आणि उलट फिरते.

हे उलट फिरणे मी पडद्यावर अनेकदा पाहिले होते, पण मनापासून पटले ते निघोजला. पारनेर तालुक्यात कुकडीच्या पात्रात, मळगंगेच्या देवळाजवळ, बेसाल्टमध्ये रांजणखळगे आहेत. पाण्याने गोटे घुमवून घुमवून कोरलेले. लोक खोल रांजणांशी फोटो काढतात; मला तिथले उथळ खळगे जास्त आवडतात, ज्यांचा रांजण व्हायचा राहून गेला आहे. उन्हाळ्यात पाणी आटले होते आणि पश्चिमेचा वारा पात्रातून सरळ येत होता. अशाच एका परातीएवढ्या खळग्यात एक वाळके पान पडलेले होते. वारा पूर्वेकडे चाललेला, पान मात्र तळावरून पश्चिमेकडे सरकत होते. इंचभर सरकायचे, थबकायचे, पुन्हा सरकायचे. वाऱ्याकडच्या भिंतीशी पोचल्यावर ते कडेवर उभे राहिले, अर्धे वर चढले, वरून जाणाऱ्या वाऱ्याच्या हाती लागले, पुढे फेकले गेले आणि पलीकडच्या भिंतीला लागून पुन्हा तळात आले. मग परत पश्चिमेकडे. मी बराच वेळ ते बघत बसलो. बरोबरची मंडळी तोवर भेळ खाऊन आली.

पाणी असो की हवा, समीकरणे तीच. क्लोद-लुई नाव्हिए याने १८२२ मध्ये मांडलेली आणि जॉर्ज स्टोक्सने १८४५ मध्ये पक्की केलेली. त्रिमितीत त्यांची उत्तरे नेहमी अस्तित्वात आणि गुळगुळीत असतात का, हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही. क्ले इन्स्टिट्यूटने २००० साली त्यावर दहा लाख डॉलरचे इनाम लावले, ते तसेच पडून आहे. आम्ही मात्र ती रोज सोडवतो. गणितज्ञांच्या परवानगीची वाट बघत बसलो असतो तर एकही विमान उडाले नसते.

खळग्याच्या स्वभावाची किल्ली खोलीत आहे. खोलीत म्हणजे खोलीला व्यासाने भागल्यावर येणाऱ्या आकड्यात. गोल्फच्या चेंडूवरच्या खळ्या बघा. इंग्लंडमध्ये विल्यम टेलरने १९०५ साली त्यांचे पेटंट घेतले. त्या जेमतेम पाव मिलिमीटर खोल असतात. तेवढ्यानेही चेंडूला चिकटलेला हवेचा थर खवळतो, मागच्या बाजूला जास्त वेळ चिकटून राहतो आणि चेंडूला होणारा विरोध सुमारे निम्म्यावर येतो. म्हणजे इथे खळगा उपकार करतो. तोच खळगा खोल करत न्या, उपकार संपतात. १९७३ साली गॉडे आणि विंटर या इंग्लंडमधल्या संशोधकांनी विमानाच्या अंगावरच्या बारीकसारीक उंचवट्यांचा आणि खाचाखोचांचा ड्रॅग, म्हणजे हाच हवेचा विरोध, विंड टनेलमध्ये मोजून प्रसिद्ध केला. त्यात गोल खळगेही होते. खोली व्यासाच्या निम्म्याच्या आसपास आली की ड्रॅग चढतो, आणखी खोल गेले की पुन्हा उतरतो. सगळ्यात वाईट खळगा सगळ्यात खोल नसतो. मधला असतो. तो मधला का वाईट, याकडे मी येतोच, पण आधी त्याच्या आवाजाविषयी बोलायला हवे.

बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते, ते तिच्या पोटातल्या हवेचे काम. उथळ खळग्याला तसे पोटच नसते, तरी तो शिट्टी घालतो. कारण पलीकडच्या काठावर आपटलेला भोवरा दाबाची एक लाट सोडतो, ती लाट उलटी येऊन अलीकडच्या काठाशी त्या ताणलेल्या पदराला टिचकी मारते आणि पदराला नवी वळी पडते. तो भोवरा जाऊन पलीकडे आपटतो, पुन्हा लाट. काठ ते काठ हा फेरा जुळला की सूर लागतो. भारतातून कॅलटेकला गेलेल्या कृष्णमूर्ती करमचेटींनी १९५५ साली चौकोनी खाचांमधून निघणाऱ्या या लाटांची छायाचित्रेच दाखवली. प्रकाश वाकवून हवेतला दाब डोळ्यांना दिसेल अशी ती युक्ती. नंतर फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात जे. ई. रॉसिटर याने, बॉम्बफेकी विमानांच्या उघड्या पोटातला थरथराट समजून घेण्याच्या नादात, १९६४ मध्ये एक सूत्र दिले. त्यात दोन आकडे आहेत. एक ०.५७, भोवरे वाऱ्याच्या ५७ टक्के वेगाने चालतात, त्याचा. दुसरा ०.२५, भोवरा काठाशी पोचणे आणि लाट सुटणे यांमधल्या उशिराचा. हा दुसरा आकडा कुठल्याही सिद्धांतातून निघालेला नाही, प्रयोगांशी जुळवून घेतलेला आहे. साठ वर्षे झाली, अजून सगळे तोच वापरतात. मला त्या पाव भोवऱ्याच्या उशिराबद्दल उगीचच आपुलकी आहे.

सूत्र चौकोनी खाचेचे आहे, तरी गोल खळग्याला लावून बघण्याचा मोह होतो. समजा व्यास दहा सेंटीमीटर आणि वारा सेकंदाला सत्तर मीटर, म्हणजे उतरणाऱ्या विमानाच्या आसपासचा वेग. पहिला सूर येतो सुमारे २६९ हर्ट्झ. हार्मोनियमवर मधल्या सप्तकात पांढरी एक आणि काळी एक यांच्या बेचक्यात. दुसरा ६२७, वरच्या सप्तकातल्या काळी दोनच्या किंचित वर. आता गोल खळग्यात एक अडचण असते. मधोमध काठ ते काठ अंतर पुरे दहा सेंटीमीटर, पण बाजूला सरकावे तसे ते कमी कमी होत जाते. मग प्रत्येक ठिकाणचा भोवरा आपापल्या अंतराचा सूर का लावत नाही? बेसुरी कल्लोळ का होत नाही? मधला लांब फेरा बाजूच्यांना आपल्यामागे ओढतो की सगळे मिळून मधलाच एखादा सूर गाठतात, हे खोली आणि वेग बदलला की बदलते. इथे सूत्र हात टेकते आणि माणूस मेशकडे, म्हणजे हवेची बारीक घरे पाडून केलेल्या हिशेबाकडे, वळतो.

ही शिट्टी नुसती कागदावरची नाही. एअरबस ए-३२० जातीच्या विमानांच्या पंखांखाली इंधनाच्या टाकीतला दाब सांभाळणारी गोल भोके असतात. विमान उतरायला लागले, इंजिने मंद झाली की ती शीळ घालू लागायची आणि खालच्या वस्त्यांमधल्या लोकांना ऐकू यायची. जर्मनीत विमाने मायक्रोफोनच्या रांगांवरून उडवून या आवाजाचा उगम शोधला गेला. उपाय निघाला तळहाताएवढा. भोकाच्या पुढे लहानशी धातूची पाती बसवायची, म्हणजे काठाकडे येणारा पदर आधीच विस्कटतो आणि फेरा जुळतच नाही. लुफ्तान्झाने २०१४ च्या फेब्रुवारीत अशी पाती बसवलेले पहिले विमान घेतले. उतरण्याच्या वाटेवर काही टप्प्यांत आवाज चार डेसिबलपर्यंत खाली आला. एवढ्या मोठ्या विमानाचा कर्कशपणा एका भोकाच्या तोंडाशी सापडावा, याची मला अजून गंमत वाटते.

आता हिशेब. गोल खळगा चौकोनी घरांत बसत नाही, ही पहिली कटकट. म्हणून मधोमध एक चौकोन ठेवतात आणि त्याच्या चार बाजूंनी वाकवलेली घरे वर्तुळापर्यंत नेतात. काठाशी घरे बारीक, वर दूर जावे तशी मोठी. संख्या सहज काही कोटींवर जाते. प्रत्येक घरात वेगाचे तीन आकडे आणि दाबाचा एक. वेग पुढे कसा सरकेल ते समीकरणे सांगतात. दाबाचे स्वतःचे समीकरण मात्र, वारा बेताचा असेल तर, नसतेच. दाब एवढेच करतो की कुठल्याही घरात हवा साचू नये आणि कुठून नाहीशी होऊ नये. त्याला पकडायचे कसे?

याचे उत्तर ज्यांच्या नावाशी जगभर जोडले गेले ते सुहास पाटणकर. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९६२ मध्ये बी.ई., मग आयआयटी मुंबई, मग लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात पीएच.डी. तिथे ब्रायन स्पाल्डिंग यांच्याबरोबर त्यांनी १९७२ मध्ये 'सिंपल' नावाची पद्धत मांडली. पुढे ते मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९८० मध्ये त्यांचे उष्णता आणि प्रवाहाच्या आकडेमोडीवरचे पुस्तक आले. बारीक, सडसडीत पुस्तक. आमच्या धंद्यात ते कोणाच्या टेबलावर नाही असे होत नाही. माझ्या प्रतीचे मुखपृष्ठ कधीच गळून पडले आहे. पद्धत अशी: दाब अंदाजाने धरा, त्यावरून वेग काढा. घरोघरी हवेचा हिशेब बघा, तो चुकलेला असणारच. किती चुकला त्यावरून दाब दुरुस्त करा, मग वेग, मग पुन्हा पहिल्यापासून. दुरुस्ती मात्र एकदम पुरी करायची नाही. आमटीत मीठ घालताना जसे थोडे घालून चव बघतात तसे, दुरुस्तीचा एक हिस्साच घ्यायचा, नाहीतर आकडे उधळतात आणि पडद्यावर अनंत उमटते.

त्या पुस्तकात बुद्धिबळाच्या पटाचा एक सापळा आहे. दाब एका घरात १००, शेजारच्यात ५००, पुन्हा १००, पुन्हा ५०० असा असला आणि आपण दर वेळी एक घर सोडून पलीकडचा फरक बघत असलो, तर फरक शून्यच येतो. एवढा उड्या मारणारा दाब हिशेबाला सपाट दिसतो. यावरचा तोडगा, वेगाची घरे दाबाच्या घरांपासून अर्ध्या घराने सरकवायची, हार्लो आणि वेल्च यांनी लॉस अलामॉसमध्ये १९६५ सालीच काढला होता. पण तो सापळा इतका स्वच्छ समजावून दिलेला मी दुसरीकडे वाचला नाही. हिशेब जिथे बघतच नाही तिथे काहीही लपू शकते, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून बसले.

शिट्टीसाठी एवढ्याने भागत नाही. तिथे हवा दबते हे धरावेच लागते, आणि आवाजाचा दाब अगदी क्षुल्लक असतो. वातावरणाचा दाब एक लाख पास्कलच्या जरा वर. कानठळ्यांच्या जवळ जाणारा ९४ डेसिबलचा आवाज त्यात एका पास्कलची चळवळ. हिशेबातला कचरा याहून पुष्कळ कमी हवा, नाहीतर आपण आपल्याच चुकांचे संगीत ऐकत बसू. शिवाय एका पावलात आवाजाने एका घराहून पुढे उडी मारता कामा नये. घर अर्ध्या मिलिमीटरचे असेल तर पाऊल सुमारे १.२ मायक्रोसेकंदाचे. ६२७ हर्ट्झची एकच लहर पुरी व्हायला तेराशेच्या आसपास पावले, प्रत्येक पावलात कोट्यवधी घरे. रन लावून माणसे घरी जातात, सण साजरे करून येतात, तो चालूच असतो.

म्हणूनच मागे आमच्या एका नव्या मुलाने विचारले, "सर, अर्धंच घेऊया ना? खळगा गोल आहे, वारा सरळ आहे, मधून आरसा लावू. रन निम्म्या वेळात होईल."

त्याचे म्हणणे पुस्तकाला धरून होते. डावी बाजू उजवीसारखीच असणार, मग दोन्ही कशाला सोडवा? मी खोली विचारली. व्यासाच्या निम्म्याच्या जरा आत.

"या खोलीला नाही. दोन्ही चालव. अर्धा पण आणि पुरा पण."

अर्धा रन सुरेख कन्व्हर्ज झाला, म्हणजे एका उत्तरावर स्थिरावला. रेसिड्युअलच्या, म्हणजे हिशेबात उरलेल्या चुकीच्या, रेषा जिना उतरल्यासारख्या खाली आल्या. पुऱ्या खळग्याच्या रेषाही सुरुवातीला तशाच उतरल्या, खूप खाली गेल्या आणि सपाट झाल्या. मुलगा रन बंद करायला निघाला होता. मी म्हटले, राहू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रेषा वर चढत होत्या. आधी सावकाश, मग भराभर, मग नव्या उंचीवर डोलत राहिल्या. आम्ही खळग्याच्या आतले चित्र उघडले. तो आडवा भोवरा, जो दोन्ही भिंतींना सारखा टेकून असायला हवा, तिरपा झाला होता. त्याचे एक टोक एका बाजूला खाली रुतलेले, दुसरे टोक दुसऱ्या बाजूच्या काठावरून उठून वाऱ्याबरोबर लांबवर ओढले गेलेले. खळगा गोल, वारा सरळ आणि आतली हवा वाकडी.

विंड टनेलमध्ये हे जुने आहे. कॅनडात वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठात डायबेन्को आणि सॅव्हरी यांनी २००८ मध्ये तीन खोल्यांचे गोल खळगे तपासले: व्यासाच्या ०.२०, ०.४७ आणि ०.७० पट. पहिल्यात आणि तिसऱ्यात प्रवाह दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखा. मधल्यात मात्र एका बाजूला कललेला, मागे लांब शेपूट सोडणारा आणि ड्रॅग वाढवणारा. त्या मधल्या खळग्याच्या वाईटपणाचे कारण हेच. तिरपा भोवरा बाहेरची वेगवान हवा सतत आत ओढतो आणि आतली मंद हवा बाहेर ओततो.

प्रयोगशाळेत वारा डावी बाजू घेतो की उजवी, याला काहीतरी निमित्त असते. खळगा केसभर तिरका कोरलेला, नाहीतर पंख्याची हवा जराशी डावीकडे झुकलेली. कॉम्प्युटरमध्ये तर सगळे काटेकोर सारखे होते. मेश डावीकडून उजवीकडे आरशासारखी, वारा बिनचूक सरळ. मग बाजू कोणी निवडली? शेवटच्या अंकाने. कॉम्प्युटर प्रत्येक आकडा साधारण सोळा अंकांपर्यंत ठेवतो, पुढचे कापतो. शेकडो प्रोसेसर आपापल्या बेरजा करून एकमेकांत मिसळतात, आणि तीन आकड्यांच्या बेरजेत कुठले दोन आधी मिळवले यावर तो शेवटचा अंक बदलतो. सोळाव्या अंकातली ही कसर रात्रभर वाढत राहिली. सममित प्रवाह त्या खोलीला टिकाऊच नव्हता. त्याला पडायचे होते, कोणत्या बाजूला ते फक्त ठरायचे होते. प्रोसेसरची संख्या बदलून रन पुन्हा लावला तेव्हा भोवरा दुसऱ्या बाजूला कलला. मुलाने दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवली. ती एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे होती.

आरसा लावलेला अर्धा खळगा मात्र सोळा अंक असोत की साठ, कधीच कलला नसता. मधल्या भिंतीतून हवेला आरपार जायला आपणच मनाई केली होती. त्याचे उत्तर समीकरणांना धरून अचूक होते आणि तसा वारा जगात कुठेही वाहत नाही. आमच्या धंद्यात कन्व्हर्ज न होणाऱ्या रनला शिव्या देण्याची रीत आहे. मला मात्र हल्ली फार शहाण्यासारखा खाली उतरलेल्या रेसिड्युअलचीच धास्ती वाटते. अर्धा खळगा सोडवण्याला माझा सरसकट विरोध नाही. गोल्फच्या खळीइतका उथळ असेल आणि सरासरी ड्रॅगच हवा असेल तर खुशाल करा, वीज वाचते. व्यासाच्या निम्म्याच्या आसपास तो करणे मला गैर वाटते, मग मुदत कितीही जवळ आलेली असो.

अशा खळग्याचा अहवाल तुमच्या हातात आला, तर रंगीत चित्रांकडे जाण्याआधी तीन गोष्टी शोधा: व्यास, खोली आणि हिशेब पुऱ्या वर्तुळाचा केला आहे की अर्ध्याचा. तिसरी लिहिलेली नसेल तर सही करण्याआधी विचारा.